चष्म्यावरचं जाळं: दोष पदराचा नाही, डिकीचा

बार्शीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"माझं वय ५२. दहा महिन्यांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा केला, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत. प्लास्टिकच्या काचा, अँटीग्लेअर कोटिंग, जाड ॲसिटेटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची फ्रेम. महाग पडला म्हणून जिवापाड जपते. रोज सकाळी गिझरच्या कढत पाण्याने, साबण लावून धुते. शाळेत खडूची धूळ बसली की पदराने पुसते. दुपारी घरी येताना गॉगल लावते आणि चष्मा केसमध्ये घालून स्कूटरच्या डिकीत ठेवते. तरी मे महिन्यापासून दोन्ही काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, ट्यूबलाइटखाली तर जास्तच. उजव्या काचेच्या कडेला रंग उडाल्यासारखा डाग पडलाय. हे म्हणतात टूथपेस्ट घासून बघ. मुलगा ऑनलाइन अल्ट्रासॉनिक मशीन मागवू म्हणतो. दुकानदार म्हणतो कोटिंग गेलं, काचा नवीन करा. पदरानं पुसल्यामुळेच हे झालं का? आणि सासूबाईंच्या जुन्या चष्म्याला नाकापाशी हिरवा मळ येतो, तो कशानं काढायचा?"

ताई, दुकानदार बरोबर सांगतोय. कोटिंग गेलं आहे. पण ते पदरानं गेलेलं नाही. पदरानं पुसणं चांगलं नाहीच, त्याबद्दल पुढे सांगतो. मात्र पुसण्याने ओरखडे पडतात, जाळं होत नाही. जाळं उष्णतेनं होतं. तुमच्या पत्रात उष्णता दोन ठिकाणी आहे: डिकी आणि गिझर.

आधी हे ओळखायचं कसं ते सांगतो, म्हणजे आमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागणार नाही. चष्मा धुऊन कोरडा करा. ट्यूबलाइट काचेत प्रतिबिंबासारखी दिसेल असा तिरका धरा आणि हळूहळू फिरवा. ओरखडे असतील तर ते सुटे दिसतात, सरळ किंवा किंचित वक्र, पुसताना हात ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेचे, आणि बहुतेक काचेच्या मध्यभागी. जाळं मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेलं असतं. रेषा एकमेकींना छेदतात, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात तशा. पाण्याचे डाग गोल असतात, त्यांना कड असते, नख लावलं तर किंचित खरखरीत लागतात. आणि कोटिंग सुटत असेल तर बहुधा कडेपासून सुरुवात होते. तेवढ्या भागात काचेची हिरवी किंवा निळी झाक नाहीशी होऊन पांढरं प्रतिबिंब दिसतं. तुमच्या उजव्या काचेवरचा डाग हाच.

एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. काचेवर तोंडाची वाफ सोडलीत तर दोन बारीक खुणा दिसतील, गोल किंवा कंपनीच्या चिन्हासारख्या, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली बहुधा आकडा असतो. २०० म्हणजे वाचनासाठी अधिक २.०० ची भर. प्रोग्रेसिव्ह काच बसवताना मध्य कुठे धरायचा हे त्या खुणांवरून कळतं, म्हणून त्या मुद्दाम कोरलेल्या असतात. पुष्कळजण त्यांना ओरखडा समजून घासत बसतात.

आता डिकीकडे. तुमची काच म्हणजे एकच थर नाही. मुख्य काच प्लास्टिकची. सर्वांत साधी सीआर-३९ची, किंवा पॉलीकार्बोनेटची, किंवा जास्त नंबर असेल तर १.६०, १.६७ अशा (काच प्रकाश किती वळवते त्याचा हा आकडा) पातळ प्रकारातली. त्यावर दोन ते पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कडक थर असतो, ओरखडे कमी पडावेत म्हणून. त्यावर अँटीग्लेअर. हे सिलिकॉन, टायटॅनियम, झिर्कोनियम अशांच्या ऑक्साइडचे एकावर एक थर, सगळे मिळून साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आणि सगळ्यांत वर पाणी व तेल न चिकटू देणारा अगदी नाममात्र थर.

प्लास्टिक तापलं की फुगतं. ऑक्साइडचे थर त्या मानानं फारच कमी फुगतात आणि ते काचेसारखे ठिसूळ असतात. दाबले गेले तर सोसतात, ताणले गेले तर तडकतात. खालचं प्लास्टिक पसरलं की वरचे थर ताणले जातात आणि एका मर्यादेनंतर बारीक बारीक भेगा पडतात. थंड झाल्यावर प्लास्टिक आकसून पूर्वीसारखं होतं, भेगा तशाच राहतात. काचा बनवणारे साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका असं सांगतात. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा चाळिशीच्या पुढे असतो. उन्हात उभ्या स्कूटरची बंद डिकी त्याहून कितीतरी तापते, आणि पेट्रोलच्या स्कूटरमध्ये तर सीटखालच्या डिकीच्या बरोबर खाली इंजिन असतं. म्हणजे वरून ऊन, खालून इंजिन. केस कितीही चांगली असली तरी ती धक्क्यापासून वाचवते, उष्णतेपासून नाही. चारचाकीच्या डॅशबोर्डवर चष्मा विसरणाऱ्यांचंही हेच होतं.

गिझरच्या पाण्यानं त्यात रोज थोडी भर घातली. कढत पाणी म्हणजे ५० अंशांच्या आसपास, आणि गरम पाण्यानंतर लगेच गार पाणी धरलं तर ताण आणखी. एका दिवसात काही दिसत नाही. दहा महिने रोज तापवणं-गार करणं आणि वर मे महिन्याची डिकी, असं ते जमत गेलं. मेपासून रेषा दिसू लागल्या हे तुम्ही स्वतःच लिहिलंय.

याच यादीतल्या घरातल्या दोन-तीन जागा सांगून ठेवतो, कारण त्या सहसा लक्षात येत नाहीत. सर्दीत वाफ घेताना चष्मा काढून ठेवा, आणि तोही त्या पातेल्याशेजारी नाही. कुकरचं झाकण काढताना, चुलीत किंवा शेगडीत वाकून बघताना तोंड लांब ठेवा. केस वाळवायचा ड्रायर चष्म्यावर मारून काचा सुकवू नका.

भेगा बुजवता येत नाहीत. टूथपेस्टबद्दल यजमानांना हे नक्की सांगा. टूथपेस्टमध्ये दात घासायला सिलिका किंवा खडूची अतिबारीक पूड असते. ती दाताच्या कडक आवरणासाठी योग्य असते. पाव मायक्रॉनच्या थरावर ती फिरली की थर ठिकठिकाणी निघतो आणि खालचा भाग धुरकट होतो. एक रेष गेल्यासारखी वाटेल खरी, कारण तिच्या भोवतीचं सगळंच खरवडलं जातं. प्रोग्रेसिव्ह काचेत तर जागोजाग वेगळा नंबर असतो; तिथे असं घासणं म्हणजे नजरेशी खेळ. खाण्याचा सोडा, राख, भांड्यांची पावडर, वडीचा साबण, सगळ्यांना हेच लागू. ओरखडे बुजवणारं म्हणून मेण किंवा द्रव विकतात, तो चार दिवस चकाकतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. रसायनानं कोटिंग पूर्ण काढून टाकण्याचे प्रयोगही काहीजण करतात. त्यात कडक थरही धोक्यात येतो. महागाच्या प्रोग्रेसिव्ह काचेवर तो करू नका.

मग करायचं काय? आधी बिल आणि काचांसोबत मिळालेलं कार्ड शोधा. बऱ्याच काचांच्या कोटिंगवर एक किंवा दोन वर्षांची हमी असते. ओरखडे सहसा त्यात बसत नाहीत, कोटिंग सुटणं कधी कधी बसतं. तुमचे दहाच महिने झाले आहेत, तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा: "कडेला कोटिंग सुटलंय, हे हमीत येतं का?" डिकीची गोष्ट विचारली तर लपवू नका. काय झालं ते खरं सांगितलंत तर पुढची काच कोणती द्यायची हेही तो नीट सांगेल.

हमी नसेल तर फक्त काचा बदला, फ्रेम तीच ठेवा. पण त्याआधी नंबर तपासून घ्या. पन्नाशीत जवळचा नंबर अजून सरकत असतो, आणि दहा महिन्यांपूर्वीच्या नंबरवर नव्या काचा करणं म्हणजे खर्च पाण्यात जायची शक्यता. तपासणीत डॉक्टरांना धूसर दिसण्याबद्दलही सांगा. चष्मा काढूनही एका डोळ्याला धुकं असल्यासारखं वाटत असेल तर ते काचेचं नाही, मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. दोष काचेवर ढकलून डोळ्याकडे दुर्लक्ष झालेली माणसं कमी नाहीत.

तोवर हाच चष्मा वापरायला हरकत नाही. तडकलेल्या कोटिंगनं डोळ्यांना इजा होत नाही. मात्र भेगांवर प्रकाश विखुरतो, समोरच्या गाडीचा दिवा पसरट, वलयासारखा दिसतो. म्हणून नवीन काचा येईपर्यंत अंधार पडल्यावर स्कूटर चालवणं टाळा. हे मनावर घ्या.

आता पदर. पदराचा गुन्हा वेगळा आहे. तुम्हाला खडूची धूळ घातक वाटते, पण खडू मऊ असतो. खडू जिप्समचा असो वा चुनखडीचा, खनिजांच्या कठीणपणाच्या मापावर त्याचा आकडा २-३ च्या पुढे जात नाही. खरी करवत आहे रस्त्यावरची आणि मैदानावरची धूळ. त्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा आकडा ७. शाळेच्या मैदानावरून वर्गात आलात की ते काचेवर असतातच. पदरानं कोरडं पुसलं की कापड तो कण काचेवर दाबून ओढतं. कापड मऊ आहे की खरबरीत हा प्रश्नच नंतरचा. कण मऊ नाही. त्यात पदराला स्वयंपाकघराचा तेलकटपणा आणि कडक इस्त्रीच्या साडीला खळ असते, ती फिकट थर सोडते. तोंडाची वाफ सोडून पुसण्याची सवय सर्वांनाच आहे. पण त्या वाफेत कण उचलून वाहून नेण्याइतकं पाणी नसतं, ती फक्त पुसल्याचं समाधान देते.

तेव्हा नियम एवढाच: आधी पाणी, मग हात, शेवटी कापड. कापडानं घाण काढायची नसते, पाणी टिपायचं असतं.

पद्धत सविस्तर लिहितो, कारण गडबड बारीक गोष्टींत होते. दिवसातून एकदा, शाळेतून आल्यावर धुणं सगळ्यांत चांगलं. रात्रभर धूळ आणि घाम काचेवर राहत नाही. आधी हात धुवा, क्रीम किंवा तेल लागलेलं नको. बेसिनच्या भोकावर जाळी किंवा एखादा रुमाल ठेवा. चष्म्याचा स्क्रू जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा असतो आणि ढिला असेल तर नेमका धुतानाच निसटतो. नळाचं साधं पाणी दोन्ही काचांवर, पुढून-मागून, दहा-पंधरा सेकंद सोडा. या वेळी काचेला बोट लावू नका. कण वाहून जातात ते याच पंधरा सेकंदांत. हिवाळ्यात पाणी फार गार वाटलं तर कोमट चालेल, पण मनगटावर सोडून बघा; गरम जाणवलं तर ते जास्तच गरम आहे.

मग भांडी घासायचा द्रव साबण, मुगाच्या दाण्याएवढा. तो काचेवर ओतू नका, दोन बोटांत घेऊन फेस करा आणि बोटांनीच काच दोन्ही बाजूंनी हलकेच चोळा. नखं लांब असतील तर बोटाचा मांसल भागच लागू द्या. काच जिथे फ्रेममध्ये बसते ती कड, नाकावरचा भाग आणि काड्यांची आतली बाजू विसरू नका. तेल आणि घाम खरा तिथे साठतो आणि दुसऱ्या दिवशी काचेवर उतरतो. अंगाला लावायच्या किंवा हात धुवायच्या ज्या साबणात त्वचा मऊ ठेवणारी द्रव्यं असतात तो वापरू नका. ती द्रव्यं काचेवर बसतात, आणि मग "कितीही धुतला तरी धुरकटच" अशी तक्रार येते.

यानंतर पुन्हा धुवा, साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत. चष्मा हलकेच झटका. आधी फ्रेम आणि बिजागऱ्या टिपा, मग काचा. काच टिपताना त्याच काचेची कड चिमटीत धरा. एका हातात डावी काडी आणि दुसऱ्या हातानं उजवी काच पुसणं ही फार जणांची सवय आहे, आणि नाकावरचा पूल वाकतो तो तशानेच. सगळ्याला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी मोजून वापरावं लागत असेल, तर नळ सोडून ठेवायची गरज नाही. दोन फुलपात्री पाणी पुरतं. एकानं आधी धुवायचं, साबणानंतर दुसऱ्यानं. पण भांड्यात पाणी घेऊन त्यात चष्मा बुडवू नका, निघालेले कण त्याच पाण्यात राहतात. पाणी वरून ओता.

बोअरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात क्षार जास्त असतील तर काचेवर थेंब वाळला की पांढरी गोल कड राहते. ती एकदा बसली की घासून निघत नाही, आणि व्हिनेगर किंवा लिंबू लावण्याचा मोह होतो. करू नका, आम्लानं कोटिंगचं नुकसान होतं. उपाय सोपा आहे: शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरचं घ्या, अर्धा पेला, आणि थेंब वाळायच्या आत टिपा.

कापड कोणतं? चष्म्यासोबत मिळतं ते मायक्रोफायबरचं पुरेसं आहे. पण ते महिनोन्‌महिने न धुता केसमध्ये दुमडून ठेवलेलं असेल तर त्यानं तेल एका काचेवरून दुसऱ्यावर फक्त फिरतं. आठवड्यातून एकदा साध्या साबणानं हातानं धुवा, सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारा कंडिशनर त्याला कधीच लावू नका. त्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि तिथून काचेवर येतो. दुसरं कापड हवं तर जुनं, शेकडो वेळा धुतलेलं, बिनखळीचं सुती कापडही ओल्या काचेवर चालतं, धूळ लागणार नाही असं डब्यात ठेवलेलं. टिश्यू पेपर आणि वर्तमानपत्र नको. वर्तमानपत्रानं खिडकीची काच चकाकते म्हणून ते चष्म्यालाही वापरणारे आहेत. खिडकीची काच खरोखर काच आहे, तुमची नाही.

खिडक्या पुसायचा फवारा, नेलपॉलिश काढायचा द्रव आणि हाताचं सॅनिटायझर हे तिन्ही दूर ठेवा. पहिल्यात बऱ्याचदा अमोनिया असतो. दुसऱ्यात ॲसिटोन, ते पॉलीकार्बोनेटची काच धुरकट करतं आणि ॲसिटेटची फ्रेम अक्षरशः विरघळवतं. तिसऱ्यात अल्कोहोल, जे ॲसिटेट कोरडं पाडतं, आणि वर ग्लिसरीन, जे काचेवर ओशट पट्टे सोडतं. डास पळवणाऱ्या काही मलमांत डीट नावाचं द्रव्य असतं, तेही प्लास्टिक खातं. ते लावल्यावर हात धुऊन मगच चष्म्याला हात लावा.

शाळेत नळापाशी जाणं दर वेळी जमत नाही, हे कळतं. त्यासाठी ३० मिलीची छोटी फवाऱ्याची बाटली घ्या. फिल्टरचं पाणी आणि द्रव साबणाचा एक थेंब. दोन नाही, दोन टाकले की पट्टे उमटतात. काचेवर दोनदा फवारा मारा, चष्मा आडवा धरून धूळ ओघळू द्या, मग स्वच्छ कापडानं टिपा. हे पाणी दर आठवड्याला नवीन करा, त्यात टिकाऊपणासाठी काही नसतं. दुकानातला काचांसाठीचा तयार फवाराही चालेल, अँटीग्लेअरसाठी योग्य असं त्यावर लिहिलेलं पाहून घ्या. याच फवाऱ्याचा एक फायदा पावसाळ्यात होतो: साबणाचा अगदी पुसट थर राहिला तर गार खोलीतून बाहेर पडताना काच कमी धुकटते.

डोक्याला खोबरेल लावत असाल तर आणखी एक. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरच्या सकाळी काच एकाएकी पांढुरकी दिसली तर घाबरून घासू नका, काड्यांवरून आलेलं तेल थिजलेलं असतं. साबण आणि कोमट पाणी. चष्मा डोक्यावर चढवून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. तेल तर लागतंच, शिवाय काड्या फाकतात. प्रोग्रेसिव्हमध्ये हे साधं प्रकरण नाही. चष्मा नाकावर दोन-तीन मिलिमीटर घसरला तरी वाचायचा भाग खाली जातो, मग वही तपासताना हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान दुखते. काढताना-घालताना दोन्ही हातांनी. सैल झाला की दुकानात जाऊन बसवून घ्या, त्याला पाच मिनिटं लागतात. ॲसिटेटची फ्रेम उष्णतेनं मऊ होते, दुकानदार तिला गरम करूनच वाकवतो. डिकीत ती तुमच्या नकळत वाकली असू शकते, तेही तपासून घ्या. काड्यांवर पांढरट कोरडेपणा आला असेल तर दुकानातल्या पॉलिशच्या चाकावर तो जातो. घरी तेल चोळून चकाकी आणू नका.

गॉगल आणि चष्म्याची अदलाबदल चालू ठेवायची असेल तर चष्म्याची कडक केस खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही. किंवा नव्या काचा करतानाच उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचांचा विचार करा. दुचाकीवर त्या चांगल्या चालतात. चारचाकीत पुढची काच अतिनील किरण अडवते म्हणून त्या फारशा काळ्या होत नाहीत. एक मर्यादा लक्षात असू द्या: हवा जितकी तापलेली, तितक्या त्या कमी काळ्या होतात. बार्शीच्या मे महिन्यात जानेवारीइतका गडदपणा मिळणार नाही.

नव्या काचा घेताना आणखी एक विचारा: वरचा थर पाणी आणि तेल न चिकटू देणारा आहे का. घरी तपासता येतं. धुऊन वाळवलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाका. तो मण्यासारखा गोल राहून घरंगळला तर थर शाबूत आहे. वर्ष-दीड वर्षानं थेंब पसरू लागला तर थर झिजला आहे असं समजा. काच खराब झालेली नसते, फक्त डाग लवकर लागतात आणि धुवायला थोडा जास्त वेळ लागतो.

मुलाच्या मशीनबद्दल. अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्यात सेकंदाला साधारण ४० हजार कंपनं निर्माण करतं, त्यानं बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि बिजागरीतली, स्क्रूच्या फटीतली घाण निघते. चांगलं साधन आहे. पण तडकलेल्या कोटिंगवर ते चालवलं तर भेगांच्या कडा उचलल्या जातात आणि उरलेलं कोटिंग सोलायला लागतं. म्हणून आत्ता अजिबात नको. नव्या काचांनाही घरी वेगळं यंत्र लागत नाही. बऱ्याच दुकानांत ते असतं, तीन-चार महिन्यांतून एकदा तिथेच करून घ्या. यंत्रात पाणी गरम करायची सोय असेल तर ती बंद ठेवायला सांगा.

सासूबाईंच्या चष्म्यातला हिरवा मळ म्हणजे तांब्याचा गंज. जुन्या धातूच्या फ्रेमा बहुधा मोनेल किंवा जर्मन सिल्व्हरच्या असतात. मोनेलमध्ये निकेलखालोखाल तांबं असतं. जर्मन सिल्व्हरमध्ये नावात चांदी असली तरी असतं तांबं, निकेल आणि जस्त. वरचा मुलामा झिजला की घामातले क्षार आणि आम्ल तांब्याला लागतात आणि हिरवे क्षार तयार होतात. जुना मऊ टूथब्रश घ्या, पेस्ट न लावता, फक्त द्रव साबणाचा फेस. नाकावरच्या गादीच्या मागच्या खाचेत तो फिरवा, काचेला ब्रश लागू न देता. पंधरवड्यातून एकदा केलं की मळ साठत नाही. गाद्या पिवळ्या पडून कडक झाल्या असतील तर बदलूनच घ्या, त्या चष्म्याच्या दुकानात सुट्या मिळतात आणि दोन मिनिटांत बसतात.

त्यांच्या नाकावर खाज, लाली किंवा ओलसर पुरळ येत असेल तर तो नुसता मळ नाही, निकेलची ॲलर्जी असू शकते. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि पुढची फ्रेम टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची घ्या. काचा खऱ्या काचेच्या असतील तर त्या प्लास्टिकहून जवळजवळ दुप्पट जड असतात, त्यामुळेही गाद्या नाकात रुततात आणि घाम तिथेच अडकतो. त्या काचेला ओरखडे कमी पडतात, म्हणून त्या कदाचित अजूनही पदरानंच पुसत असतील. त्यांनाही फुलपात्रभर पाणी आणि साबणाचा फेस एकदा करून दाखवा. स्क्रू ढिला झाला असेल तर त्यावर नेलपॉलिश लावून घट्ट करायचा घरगुती उपाय मात्र करू देऊ नका. दुकानदार तो बदलून देईल, आणि जुना स्क्रू गंजलेला असेल तर नवा लागणारच आहे.